मलाही न उघडणाऱ्या फायली

दादाने मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतोय. आमच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या गाड्यापाशी आम्ही दोघं उभे होतो. वहिनी आत सोनोग्राफीच्या रांगेत पोटभर पाणी पिऊन बसली होती. तिला चौथा महिना लागला होता. दादाने बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि अगदी सहज म्हणाला, "आतलं चित्र तुझ्याच कॉम्प्युटरात येतं ना?"

"येतं की."

"बघून सांग ना मंग. पोरगं हाय का पोरगी."

मी हसतच त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो हसत नव्हता. तेव्हा मात्र मला धक्का बसला, कारण विचारणारा दादा होता. आई विचारील, एखादी चुलती विचारील, हे मी धरूनच चालले होते. दादा नाही. पोरीला शिकायला बाहेर धाडू नका असं वडिलांना सांगायला भावकी आली होती, तेव्हा त्या सगळ्यांना ओट्यावरूनच परत लावणारा हा माणूस. त्याची पाच वर्षांची पोर दिवसभर त्याच्या खांद्यावर असते. ती ताटावर आल्याशिवाय तो घास उचलत नाही. अशा माणसाला पोटातलं आधी कशाला कळायला हवं, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

"गुन्हा आहे तो, दादा."

"सांगणाऱ्याला हाय. मी काय डॉक्टरला इचारून राह्यलो का? बहिणीला इचारून राह्यलो."

विचारणाऱ्यालाही आहे, हे मी त्याला सांगितलं. तो बशीत बघत राहिला. ज्याने आपल्याला शिकवलं त्याच्या तोंडावर कायदा फेकायला जीभ रेटत नाही. म्हणून मी यंत्राच्या आड गेले. म्हटलं, "दादा, मलाही उघडत नाहीत त्या फायली."

ही थाप नव्हती. जालन्यातल्या या ट्रस्टच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळण्याचं काम मी करते, आणि सर्व्हरवरची ही कडक व्यवस्था मी स्वतः बसवली होती. साध्या कॉम्प्युटरात ज्याची फाईल तो तिचा मालक. कुणाला दाखवायची, कुणाला नाही, ते त्याच्या मर्जीवर. इथं मर्जी चालतच नाही. प्रत्येक फाईलला एक लेबल असतं आणि चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमलाही एक लेबल असतं. कोणत्या लेबलवाल्याने कोणत्या लेबलवाल्याला हात लावायचा, याचे नियम आधीच लिहून ठेवलेले असतात. नियमात असेल तर हो, नसेल तर नाही. सोनोग्राफीची चित्रं फक्त डॉक्टर मॅडमच्या खोलीतला प्रोग्रॅम वाचणार. बिलाचा प्रोग्रॅम नाही, औषधांचा नाही, आणि सगळ्यात वरच्या पासवर्डने आत गेलेली मीसुद्धा नाही.

आमच्या ट्रस्टचे शेठजी एकदा हट्टाला पेटून माझ्या खुर्चीत येऊन बसले होते. त्यांचे पणजोबा राजस्थानातून येऊन जालन्यात धान्याच्या धंद्याला लागले. आता हा दवाखाना त्यांच्या घराण्याच्या देणगीवर चालतो. त्यांनी फाईलवर बोट ठेवलं, पडद्यावर आलं की परवानगी नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. "बाई, हॉस्पिटल माझं, मशीन माझी, बिजली माझी, आणि ही मलाच ना बोलते?" मी म्हटलं, तुम्हालाच नाही शेठजी, मलाही तेच बोलते. आधी ते चांगलेच हादरले. मग इतके खूश झाले की पुढे महिनाभर येईल त्या पाहुण्याला सांगत होते, आपली मशीन कोणाच्या बापाला ओळखत नाही.

दादाला मी हे त्याच्या भाषेत सांगितलं. "जनावराच्या कानात सरकारी डॉक्टर पिवळा बिल्ला मारतो ना, तसं आहे. कोणत्या बिल्ल्याचं जनावर कोणत्या गोठ्यात चालतं ते ठरलेलं. मालक कोण, ते विचारतच नाहीत."

दादा शेतकरी आहे, म्हणजे व्यवहाराला पक्का. त्याने लगेच नेमकं विचारलं. "बिल्ला मारतं कोण?"

"नियमाप्रमाणे आपोआप लागतो."

"नियम कोणी लिहिला?"

"मी."

"मंग तू काढ की."

"नाही काढणार."

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग तो हसला. "गंमत केली गं. तू तर लगीच मास्तरीण होती." बशी गाड्यावर ठेवून तो वहिनीला बघायला आत गेला. मी त्याच्या हसण्यावर विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता.

नंतर पोळ्याला मी गावी गेले. आमचं गाव अंबड तालुक्यात आहे. आता घरोघरी ट्रॅक्टर झालेत, पण दादाने एक बैलजोडी अजून ठेवली आहे, आणि पोळ्याच्या दिवशी त्या जोडीपुढे घरातल्या माणसांना कोणी विचारत नाही. मी आईबरोबर पुरणाच्या पोळ्या लाटत होते. आई माझ्या कानाशी आली, आणि घरात दुसरं कोणी नसताना उगाच आवाज बारीक करून म्हणाली, "या बारीला मुलगा हाय."

माझं लाटणं तिथंच थांबलं. "तुला काय माहीत?"

"कळलं. राजूरच्या गणपतीला नवस बोलून आले मी. पेढे वाटीन म्हणलं."

"कोणी सांगितलं पण?"

"तुमच्याच दवाखान्यातून कळलं ना. तुला ठाऊक न्हाई? दादाला इचार बाई, मला काय कळतं त्यातलं."

पोळी तव्यावर करपली. आईने मला बाजूला सारून ती उलटवली आणि पुढचा उंडा घेतला. मी हात धुवायला मागे गेले तर वहिनी तिथं दगडावर बसून होती. वहिनी फार बोलत नाही. बारावी झाली आहे, अक्षर सुंदर आहे, पण आमच्या घरात येऊन ती कमी बोलायला शिकली. त्या दिवशी मात्र आपण होऊन म्हणाली, "ताई, मला आता भांडं घासू देत न्हाईत. पोळीवर तूप वाढतात. पहिल्या खेपेला भरल्या पोटी कापूस येचला मी." तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. मग तिने विचारलं, "खरं असंल ना ते, मुलगा हाय म्हणले ते?" तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मी म्हटलं, माहीत नाही, आणि तरातरा गोठ्याकडे गेले.

दादा बैलांच्या शिंगांना रंग लावत होता. रंगाचा डबा त्याच्या पोरीने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता आणि तो तिला म्हणत होता, "सांडू नको माझी राणी." पोरीला मी आईकडे पाठवलं आणि विचारलं, "कोणी सांगितलं तुला?"

त्याने लपवलं नाही. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "तुमच्या बिलाच्या खिडकीवरचा. आपल्याच भागातला हाय तो. त्याच्या कॉम्प्युटरवर बराबर उघडतं. त्यानं मोबाइलवर फोटो मारला, पुढं कुणाला तरी दाखवला. मुलगा हाय म्हणले."

"उघडणं शक्यच नाही."

"उघडलं ना पण." ब्रश डब्यात बुडवून तो माझ्याकडे बघायला लागला. लहानपणी मी पडले की जसं बघायचा तसंच, काळजीने. "तुला फसवलं गं त्या कंपनीवाल्यांनी. बिल्ला-बिल्ला काही न्हाई तिथं."

माझ्या अंगाची लाही झाली. पण त्या रागाच्या खालून दुसरंच काही वर येत होतं, आणि ते मी विचारून टाकलं. "आणि मुलगी म्हणाले असते तर?"

"न्हाई म्हणले ना."

"म्हणाले असते तर, दादा?"

"मंग बघितलं असतं," तो म्हणाला, आणि बैलाचं तोंड दुसरीकडे वळवून दुसऱ्या शिंगाला लागला.

मी तिथं उभी राहिले. बघितलं असतं, म्हणजे काय ते मला कळलं होतं आणि कळलेलं मानवत नव्हतं. तो माझा दादा होता, त्याच्या हाताला लाल रंग लागला होता, आतून त्याची पोर त्याला हाका मारत होती आणि तो "आलो, आलो" म्हणत होता. त्या दिवशी ताटातली पुरणपोळी मी तशीच ठेवली. आईला वाटलं, जालन्याला राहून मला घरचं गोड लागेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी जालन्याला आले आणि थेट सर्व्हरपुढे बसले. दादाला खोटं पाडायचं होतं, एवढंच डोक्यात होतं. आधी सेटिंगची फाईल उघडली. त्यात लिहिलेलं होतं की पहारा कडक. जीव भांड्यात पडला. तरी आणखी एक आज्ञा देऊन बघितली, या क्षणी प्रत्यक्षात काय चाललंय ते विचारणारी. उत्तर एका शब्दाचं आलं: परमिसिव्ह.

या शब्दाचा अर्थ असा की लेबलं जागेवर आहेत, नियम जागेवर आहेत, यंत्र प्रत्येक वेळी तपासतंही आहे, पण अडवत कोणालाच नाही. वॉचमन खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड बघतो आणि सलाम करतो, तसं. मी तीच आज्ञा पुन्हा दिली. तोच शब्द.

काय झालं ते शोधायला फार वेळ लागला नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला मी मावशीकडे परतूरला बारशाला गेले होते, त्याच दिवशी सोनोग्राफी यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर नवी डिस्क बसवायला आला होता. त्याने जुनी चित्रं आधी स्वतःच्या कप्प्यात उतरवून घेतली, तिथं त्यांना त्या कप्प्याचं लेबल लागलं, आणि तिथून ती नव्या जागी हलवली. नक्कल केली नाही, हलवली. सगळी गोम यातच आहे. नक्कल केली की ती फाईल नव्या जागेत जन्म घेते आणि नव्या जागेचं लेबल तिला लागतं. हलवली की आधीच्या कप्प्याचं लेबल कानातल्या बिल्ल्यासारखं बरोबर येतं. त्यामुळे सगळ्या चित्रांवर लेबल आलं की ही कोणाची तरी खासगी सामग्री आहे. मॅडमच्या खोलीतल्या प्रोग्रॅमला खासगी सामग्री वाचायची परवानगी नव्हती. मॅडमचे पडदे कोरे पडले.

तिथं त्याने मला एक फोन केला असता तर दोन ओळींचं काम होतं. त्या शहाण्याने लेबलं दुरुस्त न करता पहाराच ढिला केला, आणि हात लागलाच आहे तर सगळ्या फायली सगळ्यांना वाचायला मोकळ्या करून दिल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पडदे लागले, सगळे खूश झाले, त्याला नाश्ता मिळाला. त्याने पहारा फक्त चालू यंत्रापुरता ढिला केला होता. सेटिंगच्या फाईलला हात लावला नव्हता. म्हणजे सर्व्हर एकदा जरी बंद होऊन चालू झाला असता तरी पहारा आपोआप कडक झाला असता, पडदे कोरे पडले असते आणि मला त्याच दिवशी कळलं असतं. पण जालन्यातल्या लाइटचा भरवसा नाही म्हणून शेठजींनी सर्व्हरला भलामोठा इन्व्हर्टर लावून दिला होता. कितीही वेळा लाइट जावो, आमचा सर्व्हर डोळा मिटत नाही, याचा आम्हा सगळ्यांना कोण अभिमान.

बिलाच्या प्रोग्रॅममध्ये बिलाला कागद जोडायचं एक बटण आहे. मी त्या खिडकीवर जाऊन ते दाबलं. एकेक कप्पा उघडत गेले आणि सोनोग्राफीचा कप्पा समोर आला. त्यात वहिनीचं नाव होतं. बोट ठेवलं आणि ते राखाडी चित्र पडद्यावर उमटलं. मी पटकन बंद केलं. म्हणजे फाटकाबाहेर चहा पिताना, मलाही उघडत नाहीत म्हणून मी दादापुढे जी ऐट मिरवली होती, तेव्हासुद्धा दार सताड उघडं होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, आणि ती जात्यावरची आंधळी मीच. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

मी जागेवर परत आले आणि पहारा कडक केला. त्याच क्षणी मॅडमच्या खोलीतले पडदे कोरे झाले. फोन वाजला. सोमवार होता, बाहेर रांग लागलेली, पाणी पिऊन बसलेल्या बायका. मॅडम म्हणाल्या, "काय केलंस? आधी चालू कर." मागोमाग शेठजी स्वतः आले. "बाई, जल्दी चालू कर. तुझं ते लेबल-बिबल काय असंल ते नंतर बघ."

एक आज्ञा दिली असती तर सगळं पूर्ववत झालं असतं. त्या इंजिनिअरने नेमकं हेच केलं होतं, आणि त्या मिनिटाला मला त्याचा मोह चांगला कळला. पण माझ्या डोळ्यांपुढून दादा हलत नव्हता. मी म्हटलं, "शेठजी, बिलाच्या खिडकीतून सोनोग्राफीची चित्रं बाहेर गेलीत."

ते समजायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते खुर्ची न बघताच खाली बसायला गेले आणि मी खुर्ची पुढे ओढली. "कुणाची?"

"माझ्या वहिनीची. आणखी कुणाकुणाची गेली, ते अजून माहीत नाही."

दारात मॅडम येऊन उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. भिंतीवर चार ठिकाणी पाट्या लावलेल्या, इथं गर्भलिंग निदान केलं जात नाही. मॅडम पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना हसतसुद्धा नाहीत. हसल्या तर मुलगा आहे असं लोक समजतात म्हणून. त्या दाराला टेकल्या आणि म्हणाल्या, "मी इतकी वर्षं तोंड शिवून बसले." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

शेठजी उठले, बाहेर गेले आणि रांगेतल्या बायकांपुढे हात जोडून म्हणाले, "आज वेळ लागंल, माफ करा." मी वर्षानुवर्षांच्या सगळ्या चित्रांना जागेप्रमाणे पुन्हा लेबल लावायला घेतलं. दुपारपर्यंत ते चाललं. मग मॅडमचे पडदे लागले, आणि बिलाच्या खिडकीवर तेच बटण दाबलं तर आलं, परवानगी नाही. ते दोन शब्द बघून मला जितकं बरं वाटलं, तितकं आजवर कोणत्या माणसाच्या गोड बोलण्याने वाटलं नाही. मॅडमनी त्याच दिवशी सरकारी अधिकाऱ्यांना कळवलं. माझ्या वहिनीचं चित्र, आणि विचारणारा माझा भाऊ, हेही मी सांगितलं. बिलाच्या खिडकीवरचा माणूस दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. त्याची चौकशी चालू आहे. दादालाही एकदा बोलावून झालं. तो घरी येऊन आईला म्हणाला, काही न्हाई, सही घेतली.

दादा माझ्यावर रुसला नाही, हेच मला जड जात होतं. पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी असते, बाळाचे सगळे अवयव बघतात ती, तेव्हा तो वहिनीला घेऊन आला. माझ्यासाठी घरच्या शेंगा आणल्या होत्या. वहिनी आत गेली. मी माझ्या खोलीतून बघत होते, तर दादा बिलाच्या खिडकीशी बराच वेळ उभा होता. तिथं आता एक नवी मुलगी बसत होती. मला वाटलं, बिलातली सवलत विचारत असेल. जाताना तो मला म्हणाला, "शेंगा भाजून खा, कच्च्या खाऊ नको." मी त्याला बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. मनात म्हटलं, चुकला, लाजला, आता संपलं.

बाळंतपण थंडीत, आमच्याच दवाखान्यात झालं. आई पिशवीत राजूरचे पेढे घेऊन आली होती. नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "मुलगी झाली. दोघी छान आहेत."

"नीट बघा बरं," आई म्हणाली. "आमचा मुलगा हाय."

"आजी, मुलगीच आहे."

आई बाकावर बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन तिचे बंद आवळत राहिली. दादा भिंतीकडे बघत होता. मीसुद्धा सुन्न झाले होते. त्या चोरट्या धंद्याला इतक्या शिव्या घालूनही, इतके महिने मी मनात मुलगाच धरून चालले होते. माझाही त्या उत्तरावर विश्वास बसला होता. मॅडम तेवढ्यात तिथून जात होत्या. त्या थांबल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चौथ्या महिन्याच्या त्या चित्रात काही धड कळत नाही. बाहेर बसलेला माणूस गिऱ्हाइकाला आवडेल ते सांगतो."

मी आत गेले. वहिनी उशीवर मान टाकून पडली होती. "ताई, पोरगीच हाय ना? तुम्ही बघितली?"

"बघितली."

तिने डोळे मिटले. पाणी दोन्हीकडून कानांत गेलं, तिने पुसलं नाही. "मुलगा म्हणले म्हणून वाचली," ती म्हणाली. "मला पहिल्यापासून वाटून राह्यलं होतं, पोरगीच हाय. मी कुणाला बोलले न्हाई. तूप वाढलं, खाल्लं." पोळ्याच्या दिवशी मला जे वाचता आलं नव्हतं ते तिने असं सांगितलं. मी तिचा हात धरला. इतके महिने ही बाई आमच्या घरात एकटी केवढं ओझं घेऊन वावरत होती, आणि मी कॉम्प्युटरची दारं तपासत बसले होते. थोड्या वेळाने तिला झोप लागली.

बाहेर आले तर आई पेढ्यांची पिशवी घेऊन खाली चहाला गेली होती, आणि दादा बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. त्याला बाळ धरता येतं. एक हात मानेखाली, एक पाठीशी, टॉवेलची किनार तोंडावर येणार नाही अशी दुमडलेली. चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. मला फार बरं वाटलं. मी त्याच्याजवळ बसले. हातात घेतल्यावर माणूस बदलतोच, असं मी मनाशी म्हणत होते.

"मोठ्या सोनोग्राफीच्या टायमाला मी पुन्हा इचारलं होतं," तो म्हणाला.

"कोणाला?"

"खिडकीवर. ती नवी पोरगी हाय ना, तिला. म्हणलं आधी बघितलंय, फक्त पक्कं करायचंय. चांगली हाय पोरगी, तिनं दाबून बघितलं. परवानगी न्हाई म्हणून आलं. दोन-तीनदा केलं तिनं." तो बाळाकडेच बघत होता. "तूच बंद केल्तं ना ते?"

"हो."

"वाटलंच मला." बाळाने झोपेत त्याचं बोट धरलं होतं, ते त्याने सोडवून घेतलं नाही. "न्हाईतर तवाच कळलं असतं. येवढं लांबलं नसतं."

त्याच्या आवाजात चीड नव्हती, पश्चात्ताप नव्हता, माझ्यावर बोल लावणंही नव्हतं. झालेली गोष्ट तो बहिणीला सांगत होता. मी उठले, वाकले आणि दोन्ही हात पुढे केले. त्याने बाळ दिलं, मान सावरून, अगदी हळू.

"झोपली होती ना," तो म्हणाला. "कशाला उचलली?"